खोक्यात काय येणार

"बोललास का कुणाला?" हाताकेयामासाहेबांनी जिन्यातच विचारलं. "बायकोला? त्या मेहुण्याला?"

"नाही साहेब. एक अक्षरही नाही."

साहेबांचा चेहरा जरासा पडला. दमले असतील, सागाराला वाटलं. व्हिडिओ गेमचं नवं यंत्र बाजारात येणार म्हटल्यावर वरच्या मजल्यांवर कुणाला धड झोप मिळत नव्हती. "शाबास," म्हणून ते वर गेले. सागारा खाली उतरला.

खाली तळघरात ती खोली होती. दारावर 'कौशल्यविकास विभाग' अशी पाटी, पण ओसाकातल्या त्या इमारतीत सगळे तिला हाकलखोलीच म्हणत. कंपनी कुणाला उगाच काढत नाही, कायदा आडवा येतो. नकोशा झालेल्या माणसाला इथे आणून बसवतात. टेबल देतात, खुर्ची देतात, काम तेवढं देत नाहीत. कधीतरी माणूस स्वतःच राजीनामा लिहितो.

खोलीला खिडकी नव्हती. त्याची बायको चिहारू रोज सकाळी डब्यात अंड्याची गोड गुंडाळी आठवणीने घाली आणि सागारा ती भिंतीकडे तोंड करून खाई. बदली झाली, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं. कुठे, ते सांगायला जीभ वळली नव्हती.

आणि मग हिवाळ्यात एकदा हाताकेयामासाहेबांनी त्याला जिन्यात गाठलं. आवाज खाली आणून सांगितलं, की किंमत ठरली आहे, चोपन्न हजार नऊशे ऐंशी येन. खोक्यात यंत्र, हातात धरून खेळायचा एकच नियंत्रक, चार्जर आणि वायर. बस.

"आतला पुठ्ठ्याचा साचा तूच कर, सागारा. गुपचूप. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. जाहीर होईपर्यंत तोंड मिटून राहिलास, तर त्याच दिवशी तुला वर घेऊन जातो."

सागाराचे डोळे भरून आले होते. त्याचा जन्म खोक्यांतच गेला होता. कुठली वस्तू कशी निजवली म्हणजे हिसक्यांत दुखावणार नाही, हे तो हाताने सांगू शके. शेजारच्या टेबलावरचे मिझोबेसान जेवायला बाहेर गेले, की तो पुठ्ठा काढी, कापी, दुमडी, आणि ते परतायच्या आत टेबलाखाली सरकवून देई.

मिझोबेसानही खोकी विभागातलेच, वयाने मोठे. त्यांच्या बोटांना अलीकडे वाळलेला डिंक असे. नातवासाठी बोटी करतो, म्हणाले होते. नव्या यंत्राबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. एकदा सागारानेच, उगाच खडा टाकून पाहावा म्हणून, किंमत किती असेल हो, असं विचारलं.

"तुमचा चहा निवतोय," मिझोबेसान म्हणाले.

माणसाचा रसच संपलाय, सागाराला वाटलं. वाईटही वाटलं.

तिसरं टेबल कुरिताचं. ते आता रिकामं होतं. कुरिताने एका बातमीवाल्याला सांगून टाकलं होतं, की किंमत बावन्न हजार आणि खोक्यात हेडफोन फुकट. गुप्तता मोडली म्हणून त्याला तडकाफडकी काढला. निवृत्तीची रक्कमसुद्धा गेली. वेडा कुठला, सागारा मनाशी म्हणाला होता. नोकरी घालवली, आणि तीही चुकीच्या बातमीपायी.

खरी परीक्षा घरी होती. मेहुणा रियोहेई खेळांवरचे व्हिडिओ करायचा. रविवारी आला, की जेवताजेवता खोदून विचारायचा. "भाऊजी, नुसती मान हलवा. पन्नासच्या वर की खाली? मी मानेचं नाव कुणाला सांगणार नाही." सागारा भात चिवडत राही.

त्याचं एवढं काही वाटत नसे. पण नागिसा येऊन मांडीला टेकली, तेव्हा त्याचा धीर सुटत आला. आठ वर्षांची पोर. नवीन वर्षाला मोठ्यांनी दिलेले पैसे या यंत्रासाठी पाकिटातच ठेवलेले.

"बाबा, खोक्यात दोन नियंत्रक असणार का? दोन असले तर तुम्हीपण खेळाल ना माझ्याशी?"

एकच आहे गं, असं ओठांवर आलं होतं. दुसरा मी आणीन, हेही.

"मला नाही माहीत, बाळ."

"तुम्ही तर तिथेच काम करता."

"अगं, तुझे बाबा खोकी करतात," रियोहेई हसला. "आत काय ठेवायचं, ते त्यांना कोण सांगतंय?"

चिहारूने भावाकडे डोळे वटारून पाहिलं. सागाराने तो घासही गिळला. थोडेच दिवस, मग सगळं सांगू, त्याने स्वतःला समजावलं.

जाहीर व्हायचा दिवस उजाडला. सागाराने नवा टाय बांधला. खोलीत आला तर मिझोबेसानांनीही केस कापून घेतलेले, बूट चकाकत होते. म्हाताऱ्याला आज कुठलं लग्न, त्याच्या मनात आलं.

सागाराने फोन टेबलावर उभा केला. मिझोबेसानांनी खुर्ची जवळ ओढली. दोघे लहान मुलांसारखे वाकून बघू लागले.

पडद्यावर खोकं उघडलं. यंत्र. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन नियंत्रक, आणि खाली उभं करायची बैठक. चार्जर नव्हताच. मग आकडा उमटला. एकोणपन्नास हजार नऊशे ऐंशी.

सागाराने टेबलाखालचा साचा ओढून वर घेतला. त्याच्या एकुलत्या खाचेवरून अंगठा फिरवला. जिन्यात कुणाची पावलं वाजतात का, ते बराच वेळ ऐकलं. वाजत नव्हती.

"ऐनवेळी बदललं असेल," तो शेवटी म्हणाला. "मला तर चोपन्न सांगितले होते."

मिझोबेसान जागचे उठले, कपाट उघडलं, छत्र्यांच्या मागून पुठ्ठ्याचा एक साचा काढला आणि सागाराच्या साच्याशेजारी हलकेच ठेवला. डिंकाने नीट सांधलेला. एक खाच नियंत्रकाची, एक गोल खाच कॅमेऱ्याची.

"मला साहेबांनी एकोणसाठ सांगितले," ते म्हणाले. "ज्याचा आकडा फुटेल, तो सापडेल. कुरिताला बावन्न होते."