चौथ्या खुर्चीचा श्वास

“माझा श्वास ऐका आणि सुरू करा,” असं आमचे हे सांगायचे. आम्हा चार सॅक्सोफोनवाल्यांपुढे हात हलवणारा कुणी नसतो. रचना जुनी असो वा नवी, सगळ्यांत बारीक आवाजाचा सॅक्सोफोन वाजवणारा, म्हणजे हे, श्वास घ्यायचे आणि त्यावर सुरुवात व्हायची.

हे जाऊन महिना झाला. आज सकाळी मी, दीर आणि पुतणी त्यांची रिकामी खुर्ची ठेवून तालमीला बसलो. श्वास ऐकू आला आणि तिघंही एकदम सुरू झालो.

“वहिनी, इशारा छान दिलात,” दीर म्हणाले.

“मी? मला वाटलं, तुम्ही.”

“माझा श्वास जिन्यातच संपला,” दीर हसले. पुतणी हसली नाही.

पुन्हा श्वास आला. मग आणखी एक, लांब. सगळे आत ओढलेले, बाहेर सोडलेला एकही नाही. दर वेळी माझी छाती थोडी रिती होत होती.

हॉस्पिटलात हे श्वासासाठी तडफडत होते, तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, “माझे श्वास त्यांना दे.” दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही.

“तुम्ही निघा, मी आवरते,” मी दोघांना म्हटलं.

दार लावलं, त्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि हलकेच तोंड उघडलं.