पाल्प्याचं ऊन

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फाईल तिसऱ्यांदा परत आली. परवानग्यांचं काम बघणाऱ्या गजेंद्रबाबूंनी ती टेबलावरून पुढे सरकवली आणि दोन्ही हात पुन्हा हीटरवर धरले.

शेरा एका ओळीचा होता. परदेश प्रवासाचं प्रयोजन एकच लिहावं. बाबूराव गजभिये यांनी दोन लिहिली होती, मुलीची प्रकृती आणि लुंबिनीचं दर्शन. दोन्ही खरी होती.

"नेपाल ही तो है, गजेंद्रबाबू. पासपोर्ट भी नहीं लगता."

"पब्लिक को नहीं लगता. आप ठहरे सरकारी आदमी. आपके लिए विदेश माने विदेश. और ठंड से बचने पहाड़ पर कौन जाता है, भाई साहब? साहब भी यही पूछ रहे थे."

बाबूरावांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. लखनौपासून सीमेपर्यंतचा सपाट मुलूख धुक्यात बुडाला आहे. सीमा ओलांडून गाडी डोंगर चढायला लागली की धुकं खाली राहतं. वर पाल्प्याला दिवसभर ऊन असतं. कॉलनीचा चौकीदार तिथलाच आहे, त्यानेच सांगितलं. गजेंद्रबाबू मान डोलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी खणातून अर्जाचा नवा कोरा फॉर्म काढला.

जानेवारी १९९८ चा तो तिसरा आठवडा होता. लखनौत ऊन पडून सतरा दिवस झाले होते. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीला, नीलमला, दमा होता. आडवं झालं की छाती वाजायची, म्हणून ती दोन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाले होते, "दवा तो मैं दे रहा हूँ, पर इसे यहाँ से निकालिए." आजोळी भंडाऱ्याला ऊन होतं, पण रेल्वेगाड्या चौदा-चौदा तास उशिरा धावत होत्या. धापा टाकणाऱ्या पोरीला फलाटावर बसवून ठेवणार कोण?

तेव्हा बाबूरावांनी नकाशा आणला. गोरखपूर, सोनौली, बुटवल, पाल्पा. पेट्रोल कुठे भरायचं, मुक्काम कुठे करायचा, सगळ्यावर लाल पेन्सिलीने खुणा केल्या. घरच्या मारुतीतून, स्वतः गाडी चालवत परदेशी जायचं. सेक्शनमधला कुणीच असा गेला नव्हता. एरवी ते स्कूटरवर फिरायचे आणि गाडी बहुतेक बायकोच्या, कांताच्याच हातात असायची. नीलमच्या दवाखान्याच्या फेऱ्यांपायीच ती गाडी शिकली होती.

त्या दुपारी ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून महानगर कॉलनीतल्या क्वार्टरवर आले आणि चपलाही न काढता फाईलचं सांगू लागले. कांता नीलमच्या पाठीला तेल चोळत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ही परवानगी लागते कुणाला?"

"सरकारी नोकराला."

"मग मी कधीपासून सरकारी नोकर झाले?"

बाबूरावांच्या लगेच ध्यानात आलं नाही.

"शाळा तशाही थंडीने बंदच आहेत," कांता म्हणाली. "मी नि नीलम निघतो. गोरखपूरला मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी पाल्पा. तुमचा कागद झाला की तुम्ही बसने या मागून."

"या धुक्यात? एकटी?"

"तुम्ही शेजारी बसल्याने धुकं हटणार आहे का?"

"पापा, मम्मी आपसे अच्छा चलाती है," नीलम म्हणाली आणि हसायला गेली. हसण्याची ढास झाली. ती थांबेपर्यंत कांता तिची पाठ चोळत राहिली.

मग कांताने एक कागद पुढे केला. "गाडी तुमच्या नावावर आहे. मी चौकीदाराला विचारलं. सीमेवर मालकाची चिठ्ठी दाखवावी लागते." चिठ्ठी तिने हिंदीत लिहून ठेवली होती. माझी पत्नी माझी गाडी नेपाळला नेत आहे, माझी हरकत नाही. एवढाच मजकूर. खाली सहीला जागा.

बाबूरावांनी चष्मा लावून कागद वाचला. मग पुन्हा वाचला.

"गाडीचा नंबर नाही यात."

तिने नंबर लिहिला.

"परत कधी येणार, ते?"

"तिचा श्वास मोकळा झाला की." तरी तिने अंदाजाने तारीख घातली.

"तिथला पत्ता हवा. आणि कारण."

"कारण एक लिहू की दोन?" कांताने विचारलं.

बाबूरावांनी कागदाची घडी घातली. "असा हाताने लिहिलेला कच्चा दिसतो. सीमेवर कुणी मानायचं नाही. ऑफिसातून टाईप करून आणतो. उद्या."

कांताने तेलाच्या वाटीत बोटं बुडवली आणि पुन्हा पोरीच्या पाठीवर हात फिरवू लागली.

मंगळवारी कागद टाईप झाला. नेपाळ हा शब्द चुकला होता म्हणून तो पुन्हा टाईप झाला. संध्याकाळी घरी कांताने विचारलं, तेव्हा बाबूराव म्हणाले, साहेबांच्या स्टेनोला भाषा एकदा दाखवतो. नीलमची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. ते वळसा घालून आत गेले.

बुधवारी सकाळी नीलमला दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागली. गाडी कांताने नेली. धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तासाभरात दोघी सुखरूप परत आल्या. मग तिने ऑफिसात फोन केला आणि शेवटी एवढंच विचारलं, "झाला का कागद?"

"होतोय," बाबूराव म्हणाले.

बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंतची स्थिती अशी : लखनौला ऊन नव्हतं. टाईप केलेला कागद, भाषा तपासून, बाबूरावांच्या टेबलावर आलेला होता. त्यावर त्यांची सही झालेली नव्हती.