वेन लाहटीची सत्तरी

क्रिस्टाने भरून आणलेला पेन्शनचा अर्ज वेन लाहटीने वाचला, नीट घडी घातली आणि त्यावर कॉफीचा कप ठेवला. सही केली नाही.

"सत्तर पूर्ण होऊ देत. मग बघू," तो लेकीला म्हणाला.

त्याला सदुसष्टावं लागलं होतं. सरकारी पेन्शन बासष्टीपासून घेता येते. जितकं थांबाल तितकी वाढते आणि सत्तरीनंतर वाढायची थांबते. गावातल्या बहुतेकांनी बासष्टीलाच अर्ज केला होता. वेन मात्र अजून लाकडाच्या वखारीत ट्रकवर फळ्या चढवत होता. घराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबायचा आणि तळ्याकडे बघत असल्याचं दाखवायचा.

फुप्फुसं निकामी होत चालली होती. हिवाळ्यात वखारीत जाऊ नका, असं डॉक्टरांनी लेकीसमोर सांगितलं होतं. क्रिस्टाचं मागणं एवढंच होतं, की बाबांनी आता अर्ज करावा, काम सोडावं आणि उरलेले हिवाळे घरात, उबेत काढावेत.

शनिवारी सौनाच्या वाफेत शेजारचा एर्नी त्याची फिरकी घ्यायचा.

"सरकारने तुझ्या मरणावर पैज लावलीय, वेन. तुझा खोकला ऐकला की वाटतं, आपणही सरकारच्याच बाजूने पैसे लावावेत."

"माझा आजा त्र्याण्णव वर्षं जगला." वेन तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचा.

"तो खोकत नव्हता."

क्रिस्टाची आई मार्लीन दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पस्तीस वर्षांपूर्वी तिने वेनला सोडलं. पुन्हा लग्न केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात ती अजून मोठाली पातेली उचलत होती, आणि गुडघ्यांना पट्टे बांधून घरी येत होती. वेनचा हट्ट कानावर आला तेव्हा तिला नवल वाटलं नाही.

"तुझ्या बापाला कुठलीच गोष्ट वेळेवर सोडता आली नाही," ती म्हणाली. "घटस्फोटाच्या कागदावर एक सही. अकरा महिने लावले त्याने. आधी म्हणे हरणांची शिकार संपू दे, मग म्हणे बर्फ वितळू दे. निव्वळ खुन्नस."

त्या अकरा महिन्यांवरून ती पुढे त्याच्याशी कधीच बोलली नाही. गावात कुणी गेलं, की दोघं चर्चच्या दोन टोकांना बसायची.

पुढच्या तीन वर्षांत क्रिस्टाने आणखी दोनदा अर्ज आणला. दुसऱ्या वेळी ती रडली. वेनने तिच्यासाठी कॉफी केली, सही केली नाही.

फेब्रुवारीत, सत्तरीला चार महिने उरले असताना, वखारीच्या दारात तो खाली बसला आणि उठला नाही.

दफनानंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव होता. एर्नी बराच वेळ कप हातात धरून उभा होता. "एक छदामसुद्धा घेतला नाही गड्याने," तो शेवटी म्हणाला. क्रिस्टा त्याचा कप घेऊन भरायला गेली. तिला बापाचा राग आला होता, आणि आता तो सांगायला बाप नव्हता.

तीन आठवड्यांनी ती आईला पेन्शनच्या कचेरीत घेऊन गेली. मार्लीनला स्वतःचा अर्ज करायचा होता. गुडघे आता ऐकत नव्हते. वडिलांचेही कागद लागतील म्हणून क्रिस्टाने त्यांचा पत्र्याचा डबा, न उघडता, तसाच बरोबर घेतला होता.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, लग्न किती वर्षं टिकलं?

"नऊ," मार्लीन म्हणाली. "असेल थोडं वरखाली. कोण मोजतंय?"

"आम्ही मोजतो. दहा पूर्ण झाली असतील, तर घटस्फोट झालेला असला तरी त्यांच्यामागे त्यांची पेन्शन तुम्हाला मिळते. ते थांबले होते ना, मग तेवढी वाढलेली. पण दहाला एक दिवस कमी असला तरी नाही."

क्रिस्टाने डबा उघडला. सगळ्यात वर घटस्फोटाचा कागद होता, घडीवर विरलेला. लग्न, चौदा जून एकोणीसशे ऐंशी. घटस्फोट, सोळा जून एकोणीसशे नव्वद.

दोन्ही तारखांखाली वखारीतल्या जाड पेन्सिलीची रेघ होती, आणि समासात, आता पुसट झालेल्या अक्षरांत, वेनने लिहिलं होतं: दहा वर्षं, दोन दिवस. आता ती जाऊ शकते.