कळंबची लेक कळंबला

"सासर-माहेर हे शब्द कागदात घालायचेच न्हाईत," आबाजींनी पेनाचं टोपण काढत बजावलं. "उद्या पोरीनं कागद कोर्टात नेला, तर बळजबरी केली म्हणून आपणच गोत्यात येऊ. साधं लिहू. राजीखुशीनं कळंबला राहीन. बास."

आबाजी दोन्हीकडचे नातलग. सहा वर्षांपूर्वी हे लग्न त्यांनीच जुळवलं होतं. मुलगी इंदापूर तालुक्यातल्या कळंबची, मुलगा तिकडं धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचा. "कळंबची लेक कळंबला दिली, पोरीला पत्तासुद्धा बदलायला नको," असं म्हणून त्यांनी सगळा मांडव हसवला होता. मुलीची आई द्वारकाबाईही तेव्हा हसली होती. त्या हसण्याची तिला आता लाज वाटत होती.

लेक, प्रगती, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट वाकडं झालं होतं. दारात चेंगरलं, असं सासरचे सांगत. दार कुणी लावलं, ते सांगत नसत. दार लावणारा सुयोग, तिचा नवरा, समोरच्या खुर्चीत फोनवर बोट फिरवत बसला होता. चार महिन्यांपूर्वी ती एका पिशवीनिशी माहेरी आली होती. आज सासरा रामहरी तिला न्यायला आला होता. गाडीचं तोंड त्यानं आल्या आल्याच परतीच्या, वालचंदनगरच्या रस्त्याकडं करून ठेवलं होतं.

भाऊ दिग्विजय पाहुण्यांना चहा देत होता. त्याची सोयरीक जुळत आली होती. नांदायचं सोडून आलेली बहीण घरात दिसली तर मुलीकडचे बिचकतील, हाच त्याला घोर. चार महिन्यांत त्यानं बहिणीशी धड शब्द काढला नव्हता.

सकाळी प्रगती चुलीपाशी येऊन म्हणाली होती, "आई, तू तरी मला जा म्हणू नको." आणि द्वारकाबाईनं काय करावं? गुमान भाकरी थापत राहिली. नवरा गेल्यापासून घर तिच्या नावावर, तीन एकर रान तिच्या नावावर, आणि पोरापुढं तोंड उघडायची मात्र चोरी. तिला स्वतःचाच राग आला होता. तो अजून गेला नव्हता.

आबाजींनी खाकरून वाचायला घेतलं. "मी, प्रगती सुयोग लोमटे, राजीखुशीने लिहून देते की, यापुढे मी कळंब येथेच राहीन. कळंब सोडून कुठेही जाणार नाही."

"झ्याक," रामहरी म्हणाला.

"अजून एक ओळ घाला," प्रगती म्हणाली. "मला कुणी जबरदस्तीनं कळंबातनं हलवायचं न्हाय."

रामहरी हसला. "आमी कशाला हलवतोय? लिवा, आबाजी. आमीबी खाली सह्या करतो."

ओळ पडली. प्रगतीनं त्याच वाकड्या बोटानं पेन धरून सही केली. मग सुयोगनं, रामहरीनं, दिग्विजयनं केली. राहिली साक्षीदार म्हणून द्वारकाबाईची. कागद आणि पेन तिच्यापुढं पाटावर ठेवून आबाजी म्हणाले, "करा वहिनी, निवांत."

निवांत म्हणायला कारण होतं. द्वारकाबाई उभ्या जन्माची अंगठेबहाद्दर. पन्नाशीला बचत गटात गेली तेव्हा कुठं सही शिकली, आणि तीही गटातल्या बानूबाईनं शिकवली तशी, नाव-पत्त्यासकट. नुसतं नाव लिहायला गेली की हात अडखळायचा. बँकेतली पोरं म्हणायची, "मावशी, ही सही हाय का टपालाचं पाकीट?"

तिनं पेन उचललं, तोवर सुयोग उठलाही. "चल, पिशवी घे."

प्रगतीनं पिशवी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि फळीवर ठेवून दिली. बाहेर येऊन ती उंबऱ्यावर बसली.

"कळंब सोडून जाणार न्हाय असं आत्ताच लिहून दिलंय मी," ती म्हणाली. "मी कळंबातच हाय. आन् मला हितनं हलवायचं न्हाय, त्याच्याखाली तुमच्या सह्या हाईत."

रामहरीला उमगायला जरा वेळ लागला. उमगलं तसा तो लालबुंद झाला.

"आमाला येडं समजती व्हय? कंचं कळंब ते शेंबडं पोरगंबी सांगंल. आबाजी, तालुका घालायचा ऱ्हायलाय. आधी तालुका घाला."

"घालतो की," आबाजी चाचरत म्हणाले. "वहिनी, द्या तो कागद इकडं."

द्वारकाबाईनं कागद दिला नाही. "माजी सही व्हायचीय," ती म्हणाली.

"आई, दे म्हणतोय ना," दिग्विजयनं दातओठ खाल्ले.

"तू गप बस."

एवढं बोलली तेव्हा तिचं तिलाच बरं वाटलं. तिनं पदर खोचला आणि पाटावर ओणवी झाली. एकेक अक्षर कोरत गेली. द्वारकाबाई महिपती गलांडे. मु. पो. कळंब. तिथं ती थांबली. लेकीच्या बोटाकडं एकदा पाहिलं आणि पुढचं जरा दाबून लिहिलं. सगळे तिच्या हाताकडं बघत होते. एरवी याच सहीला हसायचे, आज कुणी हसलं नाही.

लिहून झाल्यावर तिनं कागद रामहरीपुढं सरकवला.

"घ्या पाव्हणं," ती म्हणाली. "तालुका घातलाय म्या. इंदापूर."