कान असलेली भातुकली

टुण्! दुपारच्या शांततेत भातुकलीची कढई वाजली, म्हणजे ती ऐकू लागली होती. बालवाडीने घरोघरी दिलेल्या या भांड्यांचा अश्लेषाला मुळीच भरवसा नव्हता. मुलांचा खेळ ऐकून ही भांडी आईबापांना गुण द्यायची, आणि तीन लाल शेरे पडले की मूल निवासी बालगृहात. अश्लेषाच्या नावावर दोन पडलेच होते.

"गप गिळ, नाहीतर कोंडून ठेवीन!" चार वर्षांची जुई बाहुलीला आईच्याच शब्दांत दटावत होती.

अश्लेषा धावलीच. "अगं, बाहुलीला सोनुली म्हण ना," ती कढईकडे बघत गोड आवाजात म्हणाली.

जुईने आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, तू मला सोनुली म्हणतेस, ते पण कढईसाठीच का गं?"