शैलजाचं अक्षर

"काहून हो ठोसरकाका, तुमची लेक माझी ड्युटी संपल्यावरच कशी येते?" त्यांच्या उजव्या मनगटावरचे केस काढता काढता बेबी सिस्टरनं विचारलं. "माझ्यापासून तोंड लपवून राहिली का?"

"इथंच, सदर भागात मैत्रिणीकडे उतरलीय. लाजाळू आहे," दिवाकर ठोसर म्हणाले.

कोणाकडे किती माणसं आली, किती डबे आले, बेबीला सगळं पाठ. ठोसरांची लेक एक, डबे शून्य. पण काल संमतीच्या फॉर्मवर नातेवाइकाच्या जागी सही आली होती: शैलजा ठोसर. अक्षर डावीकडे कललेलं. उशीखालच्या तिच्या पत्रातही तेच अक्षर. 'बाबा, साखर कमी घ्या.' बेबीनं ते अख्ख्या वॉर्डाला वाचून दाखवलं होतं. दर दिवाळीला असं एक पत्र यायचं म्हणे.

"आज धमनीत कॅमेऱ्याची नळी घालतील. भ्यायचं नाही."

"अगं, तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात तोफेच्या नळीत भिंग घालून ओरखडे शोधले मी. कधीकधी भिंगानंच ओरखडा पडायचा."

"मग?"

"मग नवा कागद. तपासणाऱ्याची सही, खाली दुसऱ्या तपासनिसाची."

"अन् दुसरा रजेवर असला तर?"

"काम कधी अडलं नाही," ठोसर हसले.

तासाभरानं डॉक्टरांनी बेबीला आत बोलावलं. कॅमेऱ्याची नळी मागे घेताना धमनीच्या अस्तराला चीर गेली होती. लगेच तिथं स्टेंट बसवायला हवा होता, आणि त्यासाठी नवा फॉर्म.

"बेटी को बुलाइए, जल्दी."

बेबीनं शैलजाचा नंबर फिरवला. बंद. पुन्हा फिरवला. बंद.

टेबलावर ठोसर जागेच होते. चेहरा पांढरा पडला होता. नळी घातलेला उजवा हात हलवायची सोय नव्हती.

"आण तो कागद," ते पुटपुटले.

बेबीनं फॉर्म धरला, डाव्या हातात पेन दिलं. वरच्या रेघेवर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. पहिलीतल्या पोरानं गिरवावं तसं, वाकडंतिकडं.

"बस काका. खालची रेघ लेकीची. मी पाहते तिले सदरला..."

पेन थांबलं नव्हतं. खालच्या रेघेवर तोच डावा हात सराईतपणे, एका झटक्यात फिरला. अक्षर डावीकडे कललेलं: शैलजा ठोसर.