चौकीवरचा निरोप

सायकल शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात, पावसाने निसरड्या झालेल्या खडकाळ पायवाटेवर माझ्या पुढे असलेले आमच्या शाळेतले मास्तर घसरून पडले.

"पाय गेला रे माझा! खाली शर्यतीच्या मदत चौकीवर सांग कुणाला तरी," ते कळवळून म्हणाले.

"सांगतो," म्हणत मी बाजूने सायकल काढली. पण चौकी दिसली तेव्हा ब्रेक काही दाबवला नाही. मागचा सांगेलच, अशी मनाची समजूत घातली आणि पहिला आलो.

तासाभराने मास्तरांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. मी गर्दीत तोंड लपवत होतो, तर त्यांनीच हाक मारून माझा हात धरला. "तू निरोप दिलास म्हणून ही माणसं धावत आली. फार उपकार झाले बघ."



"अहो मास्तर, त्यात काय एवढं!" मी म्हणालो.